पायाच्या फुगलेल्या नसा : उपचारात काय होतं आणि नंतर किती जपायचं

आज आपण पायाच्या फुगलेल्या नसांविषयी बोलणार आहोत. डॉक्टर याला व्हेरिकोज व्हेन्स म्हणतात. चामोर्शी तालुक्यात आम्ही बचत गटांचं काम करतो. बैठकीत बचत आणि कर्जाचा हिशेब आटोपला, की बोलणं दुखण्यावर येतं. कंबर आणि पाय ही दोन दुखणी जवळजवळ प्रत्येक गटात निघतात. आणि लुगडं थोडं वर करून पोटरीवरच्या निळ्या, वेड्यावाकड्या, गाठी आल्यासारख्या नसा दाखवणारी एखादी तरी बाई असतेच.

या बाया नेहमी तीन प्रश्न विचारतात. ऑपरेशन केलं तर पाय अधू होईल का? किती दिवस घरी बसावं लागेल? आणि पैसा किती लागेल? आम्ही डॉक्टर नाही. पण गटातल्या बायांना घेऊन आम्ही दवाखान्यात जातो, तिथे हेच प्रश्न विचारतो. जे समजलं आणि जे डोळ्यांनी पाहिलं, ते आज सांगतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगून ठेवतो. घोट्याजवळ जखम झाली आणि ती महिनोन् महिने भरत नसेल, तर ती जखम दिसते खाली, पण बिघाड वर नसेत असू शकतो. मलम जखमेवर लागतं, बिघाडावर लागत नाही. म्हणून मलम बदलत बसण्याआधी नसेची तपासणी करायची.

नस का फुगते?

हृदय रक्त खाली पायापर्यंत ढकलतं. ते परत वर जायला हवं, आणि उभ्या माणसात हा चढाव मोठा असतो. हे काम पोटरीचा स्नायू करतो. आपण चालतो तेव्हा पोटरी आवळते आणि नसेतलं रक्त वर ढकललं जातं. ते पुन्हा खाली येऊ नये म्हणून नसेत ठिकठिकाणी छोट्या झडपा असतात. विहिरीवरच्या मोटारपंपाचा फूटव्हॉल्व्ह आपल्याला माहीत आहे. तो खराब झाला, की पाइपातलं पाणी परत विहिरीत उतरतं. तसंच नसेतली झडप सैल झाली, की रक्त खाली उतरून साचतं. साचलेल्या रक्ताच्या दाबाने चामडीखालची नस ताणते, लांबते आणि वाकडीतिकडी होते.

झडपा का बिघडतात? आई-वडिलांना हा त्रास असेल तर मुलांना होण्याची शक्यता जास्त असते. प्रत्येक बाळंतपणात पायाच्या नसांवर भार येतो. वय, वाढलेलं वजन आणि तासन् तास एका जागी उभं राहणं यांनीही त्रास वाढतो. रोवणीच्या दिवसांत बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत बांधीत वाकून उभी असते. चिखलात पाय रुतलेला असला, की मोकळ्या चालण्यात पोटरी जशी चालते तशी चालत नाही. म्हणून त्या दिवसांत पाय जास्त जड होतात. पुरुषांनाही हा रोग होतो. दुकानात, हॉटेलात, कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांना त्रास जास्त जाणवतो.

गरोदरपणात पहिल्यांदा फुगलेल्या नसा बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच ओसरतात. म्हणून गरोदरपणात सहसा ऑपरेशन करत नाहीत. डॉक्टरांना विचारून पायमोजे घालायचे, आराम करताना पाय उंच ठेवायचे आणि डाव्या कुशीवर झोपायचं.

आपल्या भागात आधी हे ओळखा

गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांत पायाच्या सुजेची आणि जखमेची आणखी दोन मोठी कारणं आहेत. ती वेगळी काढली नाहीत, तर उपचार भलताच होतो.

पहिलं, हत्तीपाय. हा डासांमुळे होतो. त्यात सूज पावलाच्या वरच्या भागावर आणि बोटांपर्यंत येते, चामडी जाड होते, मधूनमधून थंडी वाजून ताप येतो आणि पाय लाल होतो. नसेचं ऑपरेशन करून हत्तीपाय जात नाही. त्याचा उपचार वेगळा आहे. पाय रोज साबणाने धुऊन कोरडा ठेवणं, बोटांच्या बेचक्या जपणं, हा त्यातला मोठा भाग. गावात हत्तीरोगाच्या गोळ्या वाटायला येतात, त्या आशाताईंसमोरच घ्यायच्या, त्या याचसाठी असतात.

दुसरं, सिकलसेल. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांत सिकलसेलचे वाहक किंवा रुग्ण आहेत. सिकलसेलच्या रुग्णालाही घोट्याजवळ न भरणारी जखम होऊ शकते. तपासणी झाली असेल तर ते कार्ड सोबत न्या. झाली नसेल तर करून घ्या. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांना हे कळणं फार गरजेचं आहे, कारण सिकलसेलच्या रुग्णाला भूल देताना वेगळी काळजी घ्यावी लागते आणि रक्ताची गाठ होण्याचा धोकाही पाहावा लागतो.

याशिवाय मधुमेहानेही जखम चिघळते. दोन्ही पाय एकदम सुजत असतील तर हृदय, मूत्रपिंड किंवा रक्तातली कमतरता यांचीही तपासणी लागते.

नसेचा त्रास कसा ओळखायचा? सकाळी पाय हलका असतो आणि संध्याकाळी जड होतो. घोट्याभोवती सूज येते, पाय उंच करून पडलं की उतरते. रात्री पोटरीत गोळे येतात. नसेवर खाज सुटते. पुढे घोट्याच्या आतल्या बाजूची चामडी तपकिरी, काळपट होते आणि कडक लागते. ही काळी पडलेली चामडी म्हणजे पुढच्या जखमेची सूचना. खाजवलं, काटा लागला, की तिथे जखम होते आणि मग ती भरत नाही. चामडी काळी पडायला लागली की तपासणीला जायचंच. नुसत्या निळ्या, बारीक नसा दिसतात पण दुखत नाहीत, सूज नाही, तर घाबरायचं कारण नाही. त्यांना लगेच उपचार लागत नाही.

तपासणीत काय होतं?

डॉक्टर आधी उभं करून दोन्ही पाय पाहतात. बसवून किंवा झोपवून पाहिलं तर नसा रिकाम्या होतात आणि बिघाड लपतो. पावलाची नाडी दाबून बघतात. नंतर डॉप्लर सोनोग्राफी करतात. गरोदरपणी पोटावर जेल लावून जी सोनोग्राफी होते तशीच ही, फक्त पायावर. सुई नाही, दुखत नाही. कोणत्या नसेतलं रक्त उलटं येतं, किती लांबीपर्यंत येतं, आणि आतल्या मोठ्या नसेत रक्ताची गाठ आहे का, हे त्यात दिसतं. डॉप्लर झाल्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नका.

या वेळी डॉक्टरांना चार गोष्टी न लाजता सांगायच्या. पाळणा लांबवण्याच्या गोळ्या चालू आहेत का, आधी कधी पायात गाठ झाली होती का, सिकलसेल आहे का, आणि खर्रा किंवा तंबाखू खाता का. तंबाखूने पायाला रक्त नेणाऱ्या वाहिन्या अरुंद होतात. पावलाला येणारं रक्तच कमी असेल, तर घट्ट मोजा किंवा पट्टी बांधणं धोक्याचं ठरतं. म्हणून नाडी पाहिल्याशिवाय दुकानातून मोजा आणून घालू नये.

उपचार कोणकोणते?

पहिला उपचार दाबाचे पायमोजे. हे साधे मोजे नव्हेत. घोट्याशी जास्त घट्ट आणि वर जाताना कमी घट्ट, असे ते विणलेले असतात. सकाळी बाजेवरून पाय खाली टेकवायच्या आधी घालायचे आणि रात्री झोपताना काढायचे. माप सकाळी, सूज नसताना घ्यायचं. साध्या पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवायचे. साधारण सहा महिन्यांत त्यांचा ताण कमी होतो, मग नवे घ्यावे लागतात. मोज्याने दुखणं आणि सूज कमी होते, पण बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. मोजा काढला की त्रास परत येतो. आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसभर मोजा घालणं किती अवघड, ते आम्ही वेगळं सांगायला नको.

दुसरा उपचार इंजेक्शनचा. नसेत औषध किंवा त्या औषधाचा फेस सोडतात. नसेच्या भिंती आतून चिकटतात आणि ती हळूहळू बंद पडते. लहान नसांना आणि ऑपरेशननंतर राहिलेल्या नसांना हा चालतो. कधी कधी दोन-तीन वेळा जावं लागतं.

तिसरा लेझरचा किंवा रेडिओलहरींचा. गुडघ्याजवळ किंवा पोटरीवर सुईएवढं छिद्र करून बारीक तार बिघडलेल्या नसेत घालतात. तारेच्या टोकाने आतून उष्णता देतात आणि नस बंद करतात. पायावर मोठी चीर नसते. बहुतेक वेळा नसेभोवती सुया देऊन तेवढाच भाग बधिर करतात, काही ठिकाणी कमरेतून भूल देतात. त्या सुयांचं टोचणं आणि ताण जाणवतो, हे आधी माहीत असलेलं बरं. पुष्कळांना त्याच दिवशी घरी सोडतात.

चौथा, जुन्या पद्धतीचं ऑपरेशन. कमरेतून किंवा पूर्ण भूल देऊन जांघेत छोटी चीर घेतात, बिघडलेली नस वर बांधतात आणि खालून ओढून काढतात. पोटरीवरच्या गाठी लहान लहान छिद्रांतून काढतात. लेझर नाही तिथे हेच करतात, आणि ते चांगलंच ऑपरेशन आहे. फक्त दुखणं आणि काळंनिळं पडणं जास्त असतं आणि कामावर यायला जास्त दिवस लागतात.

गटात हमखास येणारा प्रश्न : नस बंद केली किंवा काढून टाकली, तर रक्त जाणार कुठून? रेगडीच्या दिना प्रकल्पाच्या कालव्याचं उदाहरण घ्या. एखादी चारी फुटली आणि पाणी भलतीकडे वाहून जाऊ लागलं, तर ती बंद करतात. मोठा कालवा चालूच राहतो आणि पाणी चांगल्या चाऱ्यांतून पुढे जातं. पायातलं बहुतेक रक्त आत, स्नायूंच्या मधून जाणाऱ्या मोठ्या नसांतून वर जातं. चामडीखालची बिघडलेली नस वर नेण्याऐवजी उलटं खाली आणत होती. ती बंद केली की भार कमीच होतो. पाय अधू होत नाही.

ऑपरेशननंतरचे दिवस

लोकांना वाटतं, ऑपरेशन झालं म्हणजे महिनाभर बाजेवर पडून राहायचं. इथे नेमकं उलटं आहे. त्याच दिवशी उठवून चालवतात. पोटरी चालली की रक्त चालतं, आणि पडून राहिलं तर गाठ होण्याचा धोका वाढतो. म्हणून सासूबाईंना आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवा, की सून अंगणात फेऱ्या मारते आहे म्हणजे ती बरी झाली असं नाही. तो तिचा उपचार आहे.

पहिले दोन-तीन दिवस पट्टी असते. नंतर मोजा, साधारण एक ते दोन आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस. पट्टी भिजवायची नाही. दिवसातून बऱ्याच वेळा दहा-दहा मिनिटं चालायचं. बसलात तर पाय उंच ठेवायचा. चालणं किंवा पाय वर करून आराम, यांतलं एक करायचं. मधलं, म्हणजे एका जागी उभं राहणं आणि पाय लोंबकळत ठेवून बसणं, टाळायचं. नागपूर किंवा चंद्रपूरहून परत येताना वाटेत गाडी थांबवून थोडं चाला आणि बसल्या जागी पावलं वर-खाली हलवत राहा.

काही गोष्टी दिसतील, त्यांना घाबरू नका. मांडीच्या आतल्या बाजूला काळंनिळं पडतं, ते दोन-तीन आठवड्यांत जातं. पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात मांडीत दोरी ओढल्यासारखा ताण येतो, कारण बंद केलेली नस आक्रसत असते. तो काही आठवड्यांत ओसरतो. नस होती तिथे कडक गाठी लागतात, त्या हळूहळू विरघळतात. घोट्याजवळ किंवा गुडघ्याखाली थोडी बधिरता येऊ शकते. बहुतेकांची काही महिन्यांत जाते, काहींची थोडी राहते. इंजेक्शन दिलेल्या जागी तपकिरी डाग काही महिने दिसतो. दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांनी दिल्या तेवढ्याच घ्यायच्या.

खाण्याचं पथ्य फार विचारतात. या ऑपरेशनला भात बंद, अंडी बंद असं काही नाही. उलट जखम भरायला डाळ, अंडी, मासे, पालेभाजी हवीच. पाणी भरपूर प्यायचं.

आता कामाचं. लेझरनंतर हलकं घरकाम दोन-चार दिवसांत करता येतं. जुन्या पद्धतीच्या ऑपरेशननंतर दोन-तीन आठवडे लागतात. पाण्याचा भरलेला गुंड, सरपणाची मोळी, धानाचं पोतं उचलणं लेझरनंतरही निदान दोन आठवडे नाही, आणि मोठ्या ऑपरेशननंतर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही. चिखलात उतरणं टाके निघून सगळी छिद्रं कोरडी होईपर्यंत अजिबात नाही.

म्हणून आम्ही गटात सांगतो, की घाईचं नसेल तर धान घरात आल्यावर, डिसेंबर-जानेवारीत हे काम उरकून घ्या. थंडीत मोजा सहन होतो, शेतात काम कमी असतं, आणि मोहफुलं व तेंदूपत्त्याचा हंगाम यायच्या आत पाय तयार होतो. पौषात ऑपरेशन झालेली बाई सगळं नीट असेल तर महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत पायी फिरू शकते. पण जखम असेल, नसेतून रक्त आलं असेल किंवा पाय लाल होऊन तापला असेल, तर हंगामाची वाट पाहायची नाही.

जखम झालीच असेल तर

आमच्या एका गटातल्या ताईंच्या घोट्यावर दोन वर्षं जखम होती. साखर तपासली, ती नव्हती. मग मलमं झाली, पावडरी झाल्या, कुणी सांगितलं म्हणून झाडपाला बांधून झाला. एका दवाखान्यात दर आठवड्याला ड्रेसिंग व्हायचं, पण तिला उभं करून पाय कुणी पाहिला नाही. गटातून घेतलेलं कर्ज त्यातच गेलं. जखमेला वास येतो म्हणून तिने बैठकीला यायचं बंद केलं, लग्नाकार्याला जायचं बंद केलं. डॉप्लर झाल्यावर कळलं, की मांडीपासूनची मोठी नस उलटी वाहते आहे. नस बंद केली, थरांची पट्टी बांधली, आणि तीन महिन्यांच्या आसपास जखम मिटली. त्या वर्षी तिच्या बांधीतली रोवणी गटातल्या बायांनी दोन दिवसांत करून दिली. ते झालं नसतं तर ती दवाखान्यात गेलीच नसती, असं ती सांगते.

अशा जखमेचा मुख्य उपचार दाबाची पट्टी हाच आहे. पायाच्या बोटांच्या बुडापासून गुडघ्याखालपर्यंत थर देऊन ती बांधतात आणि बहुधा आठवड्याने बदलतात. ती शिकलेल्या हातानेच बांधली पाहिजे. खाली सैल आणि वर घट्ट बांधली तर अपाय होतो. सोबत नसेचा बिघाड काढला तर फायदा किती, याचे मोठे अभ्यास ब्रिटनमध्ये झाले आहेत. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५०० रुग्णांच्या अभ्यासात नुसती पट्टी बांधलेल्यांपैकी २८ टक्क्यांची जखम वर्षभरात परत झाली. पट्टी आणि ऑपरेशन दोन्ही झालेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं. २०१८ साली ४५० रुग्णांचा अभ्यास आला. त्यात पट्टीसोबत नसेचा उपचार लवकर केला, तेव्हा निम्म्या रुग्णांच्या जखमा ५६ दिवसांत भरल्या. उपचार लांबवला, तेव्हा निम्म्या भरायला ८२ दिवस लागले. म्हणजे जवळजवळ चार आठवड्यांचा फरक. मजुरी करणाऱ्या बाईला चार आठवडे म्हणजे काय, ते आपल्याला माहीत आहे.

जखमेवर शेण, राख, तंबाखू, चुना काही लावू नका. स्वच्छ पाण्याने धुवा, स्वच्छ कापडाने झाका. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं आहे का, ते विचारा. फुगलेल्या नसेवर जोराने चोळू नका.

या खुणा दिसल्या तर थांबू नका

फुगलेली नस फुटून रक्त धो-धो आलं, तर बाईला लगेच आडवं झोपवा, पाय हृदयापेक्षा उंच धरा आणि स्वच्छ कापडाने जखमेवरच घट्ट दाबा. दहा मिनिटं हात काढू नका. वर मांडीला दोरी बांधू नका, त्याने नसेतलं रक्त आणखी तुंबतं. बाईला उभं ठेवलं किंवा बसवलं तर रक्त थांबत नाही आणि जीवही जाऊ शकतो. आडवं करून दाबलं तर बहुतेक वेळा थांबतं. त्यानंतर दवाखान्यात न्यायचंच.

ऑपरेशननंतर एका पायाची पोटरी अचानक सुजली, ताठली, खूप दुखू लागली, तर आत गाठ झालेली असू शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, खोकल्यातून रक्त आलं, तर १०८ ला फोन करा. गाठ फुप्फुसात गेल्याची ही खूण असू शकते. असं क्वचित होतं, पण झालं तर वेळ नसतो. ताप आला, टाक्यातून पू आला, लाली पसरत गेली, तरी दाखवायला जा. आणि मोज्याने बोटं निळी, गार किंवा बधिर पडली, तर मोजा लगेच काढा.

कुठे जायचं, पैशाचं काय?

सुरुवात चामोर्शीच्या ग्रामीण रुग्णालयापासून करा. तिथून चिठ्ठी घेऊन गडचिरोलीच्या जिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सकांना दाखवता येतं. चंद्रपूर आणि नागपूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत, नागपूरला एम्सही आहे. डॉप्लर कोणत्या दिवशी होतो, ते आधी विचारून घ्या, म्हणजे फेरी वाया जात नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आपल्याला जुनी आहे. २०१२ साली ही योजना राजीव गांधी जीवनदायी या नावाने आधी आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात गडचिरोली होता. आता तिच्यात कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या उपचाराचं संरक्षण आहे. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. रेशनकार्ड आणि आधारकार्ड घेऊन आधी त्याच्याकडे जा आणि तीन गोष्टी विचारा. डॉक्टरांनी सांगितलेला हा उपचार योजनेत बसतो का? या दवाखान्यात तो होतो का? बसत नसेल, तर दुसरी कोणती पद्धत बसते? लेझर बसत नसेल आणि साधं ऑपरेशन बसत असेल, तर तेही रोगावर चालतं. भरती होण्याआधी विचारा, नंतर अडचण येते. टोल फ्री नंबर १५५३८८ आहे. गटातून कर्ज घ्यायचंच झालं, तर हे विचारून झाल्यावर घ्या. गाडीभाडं, मोजे आणि बुडणारी मजुरी एवढ्यासाठीच ते लागावं.

ऑपरेशन झालं म्हणजे पुन्हा कधीच नसा फुगणार नाहीत, असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. काही वर्षांनी दुसऱ्या नसांत बिघाड होऊ शकतो. म्हणून नंतरही वजन आटोक्यात ठेवायचं, रोज चालायचं, खर्रा सोडायचा. उभ्याने काम असेल तर मधूनमधून टाचा वर-खाली करायच्या. रोवणीत तासाभराने धुऱ्यावर येऊन थोडं चालायचं. मुकादमाला सांगायला एकटीला जड जातं. सगळ्या बाया मिळून बोलल्या तर जमतं.

पुढच्या बैठकीत एक काम करा. कर्जाचा हिशेब झाला, की उजेडात उभं राहून एकमेकींच्या पोटऱ्या आणि घोटे पाहा. कुणाची घोट्याजवळची चामडी काळी पडली असेल, कुणी जखमेवर पदर ओढत असेल, तर तिचं नाव लिहून घ्या. तिच्यासोबत दवाखान्यात कोण जाणार आणि तितके दिवस तिच्या घरचं पाणी कोण भरणार, ते तिथेच ठरवा. कारण डॉक्टर उपचार करतील, पण घरातलं आणि शेतातलं काम कुणी उचललं नाही, तर आपली बाई दवाखान्याच्या दारापर्यंत पोहोचत नाही.